परळात बांधलेली, गावात नाचलेली

कोकणातल्या आमच्या वाडीच्या जाखडी नाचातली निम्मी गाणी मुंबईच्या गिरणगावात, परळ-लालबागला बांधली गेली. दुसरी पाळी सुटल्यावर, रात्री बारानंतर, गावकीच्या खोलीत. गावाला ती गेली थेट गणपतीत, माणसांबरोबर, पेटीत घालून.

हे आज लिहायचं कारण माझी भाची. तिच्या कॉलेजच्या मुलींनी एका स्पर्धेसाठी जाखडी बसवली. गाणं माझ्या बाबांच्या वहीतलं. परीक्षकांपैकी एका बाईंनी आधीच्या फेरीत सांगितलं, नाच छान आहे, पण ते गिरणीच्या भोंग्याचं कडवं काढा, ते पारंपरिक वाटत नाही, त्याऐवजी नारळी-पोफळी, भातलावणी असं काहीतरी घ्या. पोरीने मला फोन केला. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण डोकं शांत झाल्यावर वाटलं की त्या बाईंना दोष देऊन उपयोग नाही. कोकणचं लोकगीत म्हणजे समुद्र, माड, होडी अशी एक ठरलेली रांगोळी आपणच काढून ठेवली आहे. त्यात साचे, म्हणजे गिरणीतले माग, मनीऑर्डर आणि खानावळ बसत नाहीत.

आम्ही संगमेश्वर तालुक्यातले. जमीन कातळाची, पीक एक, तेही पावसाच्या मर्जीवर, आणि त्यातला मोठा वाटा गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या घरी जायचा. खोती कायद्याने गेली ती १९४९ नंतर. तोवर आमच्या तीन पिढ्या मुंबईला येऊन-जाऊन होत्या. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली आणि पुढे गिरण्या वाढल्या तशी माणसं लागली. ती सगळ्यात जास्त गेली रत्नागिरी जिल्ह्यातून. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला. तो वेगळा झाला १९८१ साली. बाप्यांनी मुंबईला राबायचं, बायकांनी शेती आणि म्हातारी माणसं सांभाळायची, आणि शिमग्याला, गणपतीला बाप्यांनी गावी यायचं, असा हा संसार. माझ्या आईबाबांनी लग्नानंतरची पहिली काही वर्षं अशीच काढली.

जाखडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: आठ नाचे गोल करतात, एका पायात घुंगरांचा चाळ बांधलेला. मधोमध गाणारा बुवा, ढोलकीवाला, झांजवाला बसतात. आधी गण, मग गवळण, मग पुढची पदं. मुंबईकर तिला बाल्या नाच म्हणायचे, कारण कोकणातून आलेल्या गड्यांच्या कानात बाळ्या असायच्या. म्हणजे नाचाचं हे नावही मुंबईतच पडलेलं. दोन मंडळं समोरासमोर आली की शक्ती-तुरा. एक शक्तीवाले, एक तुरेवाले, आणि मग रात्रभर सवाल-जवाब. कोण श्रेष्ठ, शक्ती की शिव, हा वाद शाहिरांनी शेकडो वर्षं मिटू दिलेला नाही आणि मिटला तर सगळ्यांचीच पंचाईत होईल.

बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. चौथी शिकलेले. वाचायचे बरं, पण लिहायचा कंटाळा. गाणं सुचलं की हाक यायची, "बाय, ल्ही." मी सहावी-सातवीत असेन. तोवर आम्हाला आईसकट मुंबईला आणलं होतं, चाळीत दहा बाय बाराची खोली. मी लिहायची, ते भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून सांगायचे. एखादा शब्द बसला नाही की मांडीवर बोटांनी मात्रा मोजायचे आणि मला म्हणायचे, खोड. मी खोडलं की म्हणायचे, र्‍हाऊं दे, तोच बरा व्हता.

वही अजून माझ्याकडे आहे. डाव्या पानावर गाणं, वर "चाल" म्हणून त्या वर्षीच्या गाजलेल्या सिनेमाच्या गाण्याचा पहिला शब्द. याला नाकं मुरडणारे आहेत. मला त्यात काही गैर वाटत नाही. माणसं जी चाल रस्त्यावर, हॉटेलात, वरातीत ऐकत होती तीच त्यांनी घेतली. उजव्या पानावर मात्र गाणं नाही. तिथे आठ नाच्यांची नावं आणि पुढे १, २, ३ असे आकडे. ते पाळ्यांचे. सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात. तालमीला आठही जण एका वेळी मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. पहिल्या पाळीवाल्याला पहाटे उठायचं असायचं, तिसरीवाला बारालाच आत गेलेला. म्हणून मंडळात एक-दोन जास्तीचे गडी शिकवून ठेवायचे. त्यांना नाव काय? बदली. गिरणीत कायम कामगार आला नाही की बदली कामगाराला उभं करायचे, तसा नाचातही बदली. बाबांच्या वहीत एका नावापुढे लिहिलंय, माझ्याच अक्षरात: "बदली, पण पाय चांगला."

तालीम व्हायची गावकीच्या खोलीवर. एका गावच्या लोकांनी वर्गणी काढून घेतलेली खोली, बिर्‍हाड कोणाचंच नाही. भिंतीला फळ्या, फळ्यांवर पत्र्याच्या पेट्या, प्रत्येक पेटीवर ऑइलपेंटने नाव. माणसं पाळीपाळीने झोपायची; एकाची वळकटी गुंडाळली की दुसर्‍याची पसरायची. जेवण खानावळीत. चाळ बांधून खोलीत नाचता यायचं नाही, खालचे ओरडायचे, म्हणून पायाला फडकं गुंडाळून सराव. गच्चीची किल्ली मिळाली तर सणच. श्रावण लागला की हे सुरू. परळ, लालबाग, शिवडी, डिलाईल रोड, वरळीच्या बीडीडी चाळी, सगळीकडे ढोलक्या. आणि शेजारच्या चाळीत सातारा-सांगलीकडच्या लोकांचं भजन. त्यांची आणि आमची गाणी वेगळी, पण पेट्या त्याच, पाळ्या त्याच.

या तालमींतून निघालेला एक गण असा:

गिरणीचा भोंगा वाजतो रं, माझा गणपती वाट बघतो
सायबा दे रजा आठ दिसांची, माझा पाट रिकामा र्‍हातो

गणात देवाला बोलवायचं असतं. इथे देव गावी येऊन बसलाय आणि माणूसच पोचलेला नाही. रजेचा अर्ज सायबाकडे आणि गणपतीकडे एकाच ओळीत. भाचीला काढायला सांगितलेलं कडवं ते हेच. मला विचाराल तर त्या सबंध गाण्यात कोकणचं असं हेच एक कडवं आहे. बाकीची मोदक आणि दुर्वा, ती कुठल्याही गणात सापडतील.

एक सवाल-जवाबाची रात्र मात्र सांगायलाच हवी. शेजारच्या गावच्या मंडळाशी बारी, म्हणजे शक्ती-तुऱ्याचा सामना होता. तो बुवा गावातच राहणारा, पुराणं तोंडपाठ, पांडवप्रताप-हरिविजय कुठूनही उघडा. बाबांचं पुराण बेताचं. सवाल पडले की ते आधी घामाघूम आणि मग आडवळणाला. त्या रात्री दोन-तीन जवाब हुकल्यावर त्यांनी वहीत नसलेला सवाल टाकला:

पाय नाही, पंख नाही, धावे डाव्या-उजव्या अंगा
पोटी सूत, मुखी लोखंड, नाव त्याचं सांगा

समोरचा बुवा आधी कोळी म्हणाला, मग तरवार म्हणाला, मग चिडला. मुंबईहून आलेले सगळे गालातल्या गालात हसत होते, कारण उत्तर त्यांच्या हातातून रोज आठ तास जात होतं. धोटा. साच्यावर उभ्या ताण्यातून आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा, दोन्ही टोकांना लोखंड मढवलेला. बुवा म्हणाला, ह्यो सवाल पुराणात नाय, बाद करा. मुंबईकर म्हणाले, मग द्रौपदीला वस्त्रं पुरवली ती कशावर विणली? हशा, शिट्ट्या, आणि गावातल्या जाणत्या माणसांना बारी थांबवून तोड काढावी लागली. सवाल बाद झाला. पण पुढच्या वर्षी त्याच बुवाने गिरणीवर तीन सवाल बांधून आणले, मुंबईच्या पुतण्याकडून माहिती काढून. पुराणाला अशी नवी पानं जोडली जातात.

धोट्याचं आणखी एक. त्याच्या बाजूच्या बारीक भोकातून सूत बाहेर काढायला बाबा तोंड लावून ओढायचे. सगळेच साचेवाले ओढायचे, तेच भरभर व्हायचं. सुताबरोबर कापसाची धूळ छातीत. म्हातारपणी त्यांना दम लागायचा तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, बिडी ओढायचात? बाबा म्हणाले, सूत ओढायचो. यावर मात्र त्यांनी गाणं केलं नाही. का नाही केलं कुणास ठाऊक. बहुधा खोकला नाचण्यासारखा नसतो.

आता दुसरी बाजू, जिची वही नाही. आईची गाणी. फुगडीची, गौरीच्या जागरणाची, जात्यावरची. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आता त्या ऐकायलाही मिळतात. मी त्या ऐकते तेव्हा मुळशी-मावळातल्या बायकाही आईसारखंच बोलताना सापडतात. पण आमच्या आईला कोणी विचारायला गेलं नव्हतं. तिची मीच लिहून घेतली, ती पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, मिक्सरच्या आवाजात. आधी म्हणाली, जातं नाय, तर गाणं कुठनं येणार? मग लसूण सोलायला घेतला आणि सुरू झाली.

पोस्टाचा शिपाई गं, रुपये मोजून देतो
धन्याचं बोलणं बाय, कागदी ठेवून जातो

मी स्वतः नोकरी केली पोस्टात, गिरणगावातल्याच एका कचेरीत, खिडकीवर. त्यामुळे ही ओवी मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. दहा तारखेला गिरणीचा पगार, आणि अकरा-बाराला आमच्या खिडकीपुढे रांग जिन्यापर्यंत. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली छोटं कुपन असायचं, निरोपासाठी, दोन-चार ओळींपुरतं. अर्ध्या लोकांना लिहिता यायचं नाही, ते म्हणायचे, "बाई, तुम्हीच लिवा." काय लिहू? "सुखरूप आहे. म्हशीला औषध करणे. पोराला शाळेत धाडणे." बायकोला म्हणून वेगळं काही सांगायचं असेल तर मान हलवून म्हणायचे, तेवढंच पुरे. रांगेत मागे सगळे आपल्याच गावचे ना. तो कागद पोचायचा आणि तिकडे बाईलाही वाचता यायचं नाही. शिपायाने वाचून दाखवायचा, तोही सासूसमोर. कोकण मनीऑर्डरवर जगतं, असं अर्थशास्त्राच्या भाषेत म्हणायचे. कुपनात न मावलेलं सगळं जात्यावर गेलं, हे माझं म्हणणं.

फुगडीत मात्र त्याच बायका असे टोमणे मारायच्या की विचारू नका:

खानावळीचं सार गं पाणीच पाणी
त्यात डाळ शोधतोय माझा धनी, फुगडी फू

हे त्या धन्यासमोर, गणपतीत, तो मुंबईचा तेलकट भांग पाडून ओटीवर बसलेला असताना. गौरीच्या रात्री बायका आत, जाखडी बाहेर अंगणात. बाप्यांचं गाणं मुंबईचं, बायकांचं गाणं मुंबईला गेलेल्यांचं. एकमेकांना ऐकू जायचं, पण कोणी कोणाला जवाब द्यायचं नाही. शक्ती-तुर्‍याची खरी बारी तिथे, उंबर्‍याच्या अल्याड-पल्याड लागलेली होती, असं मला आता वाटतं.

आईची आणखी एक ओवी बोटीची आहे. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ साली. त्याआधी घाटातून एसटी, आणि त्याच्याही आधी भाऊच्या धक्क्यावरून आगबोट. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी एकेक बंदरं घेत जाणारी. बोट खोल पाण्यात उभी राहायची, माणसं आणि सामान पडावातून काठाला यायचं. गणपतीच्या तोंडावर दर्या खवळलेला, पावसात लांबच्या बोटी बंदच, म्हणून जुनी माणसं कधी कधी घाटावरून फिरून चालत यायची. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, ऐन गटारी अमावास्येला. आमच्याकडे त्यानंतर कित्येक वर्षं आषाढात बोटीचं नाव काढलं की म्हातार्‍या कानावर हात ठेवायच्या. ही ओवी त्या बुडालेल्या बोटीची नाही, सुखरूप लागलेल्या एका बोटीची आहे:

बंदरी लागली बोट, पडाव आला काठावरती
पेटी वळखली मी, दुसर्‍याच्या माथ्यावरती

मी म्हटलं, म्हणजे हमाल ना? आईने लसूण सोलता सोलता माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प. गावकीच्या खोलीवर माणूस वारला की त्याची पेटी पुढच्या बोटीने गाववाल्याबरोबर धाडायचे. तार आधी पोचलीच पाहिजे असं नव्हतं. ही ओवी वाडीतल्या एका बाईची म्हणून सगळ्या म्हणायच्या, तिचं नाव न घेता. पेटीवर ऑइलपेंटने नाव असायचं, पण तिला वाचता येत नव्हतं. तिने कड्यांवरून ओळखली.

१९८२. त्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी थोडक्यात आटपते. १८ जानेवारीला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतल्याचं आजवर कोणी जाहीर केलेलं नाही. त्या वर्षीच्या गणपतीचं पान वहीत आहे. डाव्या बाजूला:

जानेवारीची अठरा तारीख, भोंगा झाला मुका
साचा माझा आत र्‍हायला, मी फाटकावर सुका

आणि उजव्या बाजूला आठ नावं, पुढे आकडेच नाहीत. पाळ्याच नव्हत्या. निम्मी माणसं मार्च-एप्रिलपासून गावी येऊन बसलेली, रजा मागायची कोणाकडे? तालमी गावातच झाल्या, रोज, दिवसाढवळ्या, आठच्या आठ हजर. बदली लागला नाही. आई म्हणते, तसा देखणा नाच ना आधी झाला ना नंतर. पावलाला पाऊल लागत होतं. आणि बघायला बसलेल्यांपैकी कोणाच्या घरात चहाला साखर नव्हती.

पुढे बाबांची गिरणी चालू-बंद होत कायमची बंद पडली. ते एका सोसायटीत वॉचमन झाले, रात्रपाळी. तिथे बसून त्यांनी काही गाणी बांधली, पण ती कागदाच्या चिटोर्‍यांवर, वहीत चढलीच नाहीत. गिरण्यांच्या जागी काय झालं ते परळच्या पुलावरून जाणार्‍या प्रत्येकाला दिसतं. आमचे लोक दिवा, नालासोपारा, विरार, डोंबिवलीला पांगले. दामोदर हॉलला नमन (कोकणातलं लोकनाट्य) आणि शक्ती-तुर्‍याचे प्रयोग लागायचे तेव्हा मात्र सगळे परत परळला यायचे. तिकीट काढून. जुन्या चाळीतली माणसं मध्यंतरात वडे खाताना भेटायची, कोण गेलं, कोणाचं घराच्या सोडतीत नाव लागलं. २०२३ साली ते नाट्यगृहही पुनर्विकासासाठी बंद झालं.

मुंबईच्या मजुराच्या गाण्याचा विषय निघाला की अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर ही नावं येतात, आणि यावीतच. १९४४ चं लाल बावटा कलापथक नसतं तर आमच्या लोकांनी माईकसमोर उभं राहून सरकारला शिव्या द्यायचं धाडस कुठून आणलं असतं? 'माझी मैना'त गावी राहिलेली बायको आणि संयुक्त महाराष्ट्र एकत्र आले ते अण्णाभाऊंमुळे. पण ते शाहीर होते, जाणते होते. मला ज्यांची काळजी वाटते ती गाणी त्यांच्याखालच्या मजल्यावरची आहेत. ज्यांचा कर्ता "आमच्या वाडीतला एक जण" असतो. ती छापली गेली नाहीत, आणि स्पर्धेला नेली तर अपारंपरिक ठरतात.

बरं, काळजी म्हणजे मरतायत म्हणून नव्हे. यूट्यूबवर शक्ती-तुर्‍याचे व्हिडिओ बघा, रात्ररात्र लोक बघतात. आता बायकांची मंडळं आहेत, चाळ बांधून नाचतात, शक्ती-तुर्‍यात बाई बाईला सवाल टाकते. आई हे बघून आधी म्हणाली, "बाय माजे, पाय बघ कसं टाकत्यात," आणि मग हळूच, आमी आत बसून काय पाप केलं व्हतं.

आणि गाणी अजूनही त्या वर्षाचीच बांधतात. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय, तेव्हापासून एकही गणपती असा गेला नसेल की जाखडीत खड्डे आले नाहीत. भाचीच्या मुलींनी भोंग्याचं कडवं काढलं नाही. स्पर्धेत नंबरही आला नाही, ते सोडा. यंदा गावी नाचताना त्यांनी त्याच गणाला स्वतःचं एक कडवं जोडलं. चाल कुठली तरी रीलमधली आहे, मला ओळखता आली नाही:

देवा तुझी मूर्ती ठेवली मी मांडीवरती धरून
पेणपास्नं माणगावाला मी आले तीनदा मरून

"मरून" शब्द गणात चालेल का, यावर आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस भांडण चाललं. एक काका ग्रुप सोडून गेले, दुसर्‍या दिवशी परत आले. कडवं ठेवलंय.